विश्लेषण : पिस्तुलाचा चाप जड का असतो? कमकुवत हातांसाठी तो हलका करावा का?

पिस्तूल वजनाला हलके असले की ते चालवायलाही सोपे, असा सर्वसाधारण समज आहे. कानपूरच्या आयुध निर्माणीने जानेवारी २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून ‘निर्भीक’ हे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर आणले, तेव्हा सर्वाधिक चर्चा झाली ती त्याच्या अवघ्या ५०० ग्रॅम वजनाची आणि १ लाख २२ हजार ३६० रुपये किमतीची. पण पिस्तूल उचलणे आणि त्याचा चाप, म्हणजेच ट्रिगर, ओढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लहान पंजाच्या महिला पोलीस, संधिवाताने बोटे आखडलेले ज्येष्ठ परवानाधारक किंवा हाताच्या दुखापतीतून सावरणारे नेमबाज यांची खरी अडचण पिस्तुलाच्या वजनाची नसून चापाची असते. तो हलका करून घ्यावा का, हा प्रश्न म्हणूनच वारंवार विचारला जातो.

चापाचे ‘वजन’ म्हणजे काय?

गोळी सुटेपर्यंत चापावर जेवढा जोर द्यावा लागतो, त्याला चापाचे वजन म्हणतात. ते ग्रॅम, किलो किंवा पौंडांत मोजतात. बहुतेक सेवा पिस्तुलांत हे वजन दोन ते तीन किलोंच्या घरात असते. ‘डबल अॅक्शन’ रिव्हॉल्व्हरमध्ये मात्र एकाच ओढीत बोटाला हॅमर मागे खेचायचा असतो, मुख्य स्प्रिंग दाबायची असते आणि गोळ्यांचे चक्रही फिरवायचे असते. त्यामुळे तेथे हा जोर साडेचार-पाच किलोंपर्यंत जातो. हॅमर अंगठ्याने आधीच मागे ओढला, तर त्याच रिव्हॉल्व्हरचा चाप निम्म्याहूनही कमी जोरात सुटतो. म्हणजे जडपणा येतो तो चापाच्या तुकड्यामुळे नव्हे, तर बोटाला करावे लागणाऱ्या कामामुळे.

जड चापाने नेम का चुकतो?

येथे चापाचे नुसते वजन पाहून चालत नाही. त्याची तुलना पिस्तुलाच्या वजनाशी करावी लागते. ५०० ग्रॅमच्या शस्त्राला साडेचार किलोंचा चाप असेल, तर बोट शस्त्राच्या वजनाच्या नऊपट जोर लावत असते. तो जोर सरळ मागे गेला तर ठीक; पण बोट थकले की इतर बोटेही नकळत आवळली जातात, मनगट वाकते आणि नळीचे तोंड खाली किंवा बाजूला झुकते. पुढची माशी आणि मागचा दर्शक यांच्यात १५ सेंटिमीटर अंतर असेल आणि चाप ओढताना माशी केवळ एक मिलिमीटर हलली, तर २५ मीटरवर गोळी सुमारे १७ सेंटिमीटर बाजूला जाते. दुबळ्या हातासाठी फार हलके शस्त्र घेण्यातला विरोधाभास हाच आहे. ते बाळगायला सोपे असते. पण त्याचा चाप तुलनेने अधिक जड ठरतो आणि गोळी सुटल्यावर मागे बसणारा धक्काही जास्त जाणवतो.

मग चाप जड ठेवतातच कशाला?

कारण जडपणा हीसुद्धा एक सुरक्षा आहे. घाबरलेल्या, धावणाऱ्या किंवा झटापटीत सापडलेल्या माणसाचे बोट नकळत आवळले जाते. चाप जड असेल, तर अशा वेळी गोळी सहजासहजी सुटत नाही. काही वेळा हा जडपणा एखाद्या स्वतंत्र सुरक्षा रचनेतून येतो. १९३५ मध्ये आलेल्या ब्राउनिंग हाय-पॉवर पिस्तुलाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. आपल्याकडे ईशापूरच्या रायफल कारखान्यात बनणारे ९ मिमी पिस्तूल याच घराण्यातले. हाय-पॉवरमधील मॅगझिन काढले की चाप निकामी व्हावा, यासाठी त्यात एक जादा भाग बसवलेला असतो. हा भाग मॅगझिनला घासतो आणि चाप खरखरीत व जड लागतो. तो काढून टाकला की चाप सुधारतो, हे शस्त्र कारागिरांना ठाऊक आहे. पण मग मॅगझिन काढल्यानंतरही नळीत राहिलेली गोळी सुटू शकते. येथे चाप हलका करण्याची किंमत म्हणजे गमावलेली सुरक्षा.

न्यूयॉर्कचा अनुभव काय सांगतो?

न्यूयॉर्क पोलिसांनी १९९०च्या दशकात रिव्हॉल्व्हर सोडून स्वयंचलित पिस्तुले स्वीकारली. अपघाताने गोळी सुटू नये म्हणून त्यांनी ग्लॉक पिस्तुलांना सुमारे १२ पौंडांचा, म्हणजे जवळपास साडेपाच किलोंचा चाप बसवून घेतला. याच पिस्तुलाचा नेहमीचा चाप अडीच किलोंच्या आसपास असतो. २४ ऑगस्ट २०१२ रोजी एम्पायर स्टेट बिल्डिंगजवळ एका हल्लेखोरावर दोन पोलिसांनी १६ गोळ्या झाडल्या. त्यात हल्लेखोर ठार झाला. पण आजूबाजूचे नऊ जण पोलिसांच्याच गोळ्यांनी किंवा त्यांच्या तुकड्यांनी जखमी झाले. गर्दी, जवळचे अंतर आणि प्रशिक्षण यांच्याबरोबरच त्या वेळी जड चापावरही टीका झाली. पुढे २०२१ मध्ये नव्या भरतीतील पोलिसांना हलक्या चापाची पिस्तुले देण्याचा निर्णय झाला. चाप जड केल्याने एक धोका कमी होतो. पण नेम चुकण्याचा दुसरा धोका वाढतो, हा त्याचा धडा.

नेमबाजी स्पर्धांत नियम काय आहेत?

स्पर्धेतील चाप हलका असला, तरी त्यालाही किमान मर्यादा आहे. १० मीटर एअर पिस्तुलासाठी ती ५०० ग्रॅम, तर २५ मीटर पिस्तुलासाठी १००० ग्रॅम आहे. नळी उभी धरून चापाला तेवढे वजन अडकवतात. चापाने ते पेलले तरच पिस्तूल वैध ठरते. २५ मीटर प्रकारात पिस्तुलाचे कमाल वजन १४०० ग्रॅम आहे. म्हणजे येथे चापाचा जोर शस्त्राच्या वजनाहून कमी असू शकतो आणि म्हणूनच एका हाताने नेम स्थिर ठेवणे शक्य होते. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१३चे विश्वचषक सुवर्ण आणि २०१८चे आशियाई सुवर्ण याच प्रकारात मिळवले. हात दगा देतो तेव्हा खेळाडू चापाच्या पलीकडचेही मार्ग शोधतात. हंगेरीच्या कारोली ताकाच यांच्या उजव्या हाताला १९३८ मध्ये हातबॉम्बच्या स्फोटात गंभीर इजा झाली. ते डाव्या हाताने शिकले आणि १९४८ व १९५२ या दोन्ही ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदके जिंकली. टोक्यो पॅरालिम्पिकमधील सुवर्णविजेता मनीष नरवालही उजव्या हातातील दोषामुळे डाव्या हातानेच नेम धरतो. पण स्पर्धेचे पिस्तूल रेंजवर, पंचांच्या नजरेखाली वापरले जाते. त्याचा चाप कमरेला बाळगायच्या शस्त्राला लावणे धोक्याचे आहे.

चाप हलका केला तर काय बिघडू शकते?

पहिला धोका गोळी न सुटण्याचा. मुख्य स्प्रिंग नरम केली की हॅमरचा ठोकाही मंदावतो आणि कडक टोपीचे काडतूस पेट घेत नाही. दुसरा धोका याच्या उलट. हॅमरला अडवून धरणारे खाचेतले पृष्ठभाग गरजेपेक्षा जास्त घासले गेले, तर पिस्तूल पडताच किंवा स्लाइड पुढे आदळताच गोळी सुटू शकते. तिसरा धोका म्हणजे चाप पुढे परत न येणे किंवा अर्धवट येणे. या तिन्ही गोष्टी काम झाल्यावर लगेच लक्षात येतीलच असे नाही. शेकडो गोळ्यांनंतर, भाग झिजल्यावरही त्या उद्भवू शकतात.

कमकुवत हातांनी आधी काय पाहावे?

आधी माप. तर्जनीच्या पहिल्या पेराचा भरीव भाग चापावर सहज पोहोचला पाहिजे. पंजा लहान आणि मूठ जाड असेल, तर फक्त बोटाचे टोक पोहोचते आणि अडीच किलोंचा चापही पाच किलोंचा वाटतो. म्हणूनच ग्लॉकने २०१० मध्ये आणलेल्या चौथ्या पिढीपासून मुठीचा मागचा भाग बदलता येतो. स्वयंचलित पिस्तुलाची स्लाइड मागे ओढणे हाही कमकुवत हातांपुढचा मोठा अडथळा असतो. तो ओळखून स्मिथ अँड वेसन कंपनीने २०१८ मध्ये सहज ओढता येणाऱ्या स्लाइडचे ‘शील्ड ईझी’ आणले. स्लाइड नको म्हणून अनेकांना रिव्हॉल्व्हर सुचवले जाते. पण त्याचा डबल अॅक्शन चाप त्याहून अवघड पडू शकतो. त्यामुळे खरेदीआधी प्रशिक्षकासमोर, रिकाम्या शस्त्राचा चाप सलग दहा वेळा ओढून पाहणे उत्तम. दहाव्या वेळीही माशी स्थिर राहिली, तर शस्त्र हाताला मानवले असे समजावे. दोन्ही हातांची पकड, पंजाचे व्यायाम आणि देखरेखीखाली रिकाम्या शस्त्राचा सराव यांनीही बराच फरक पडतो. बोटे दुखत असतील, तर आधी डॉक्टरांना दाखवावे.

कायदा काय सांगतो?

शस्त्र अधिनियम, १९५९च्या कलम ५ नुसार शस्त्रांची विक्री, दुरुस्ती, रूपांतर किंवा चाचणी करण्याच्या व्यवसायासाठी वेगळा परवाना लागतो. शस्त्र बाळगण्याच्या परवान्यात ती मुभा नसते. विनापरवाना असे काम करणे कलम २५ खाली गुन्हा आहे. त्यामुळे गल्लीतल्या लेथवर स्प्रिंग बदलून घेण्याचा पर्याय मुळातच बाद ठरतो. काम आवश्यकच असेल, तर ते परवानाधारक कारागिराकडून, कारखान्याच्या मूळ सुट्या भागांनीच करून घ्यावे आणि सुरक्षेची कोणतीही रचना काढू देऊ नये. सरकारी शस्त्रात स्वतः बदल करण्याचा अधिकार पोलिसाला नसतो. तेथे उपाय खात्यानेच करायला हवा. महाराष्ट्रात पोलीस भरतीत महिलांसाठी ३० टक्के आरक्षण आहे. गणवेश आणि बूट मापाने मिळतात, तसे पिस्तूलही पंजाच्या मापाने मिळाले, तर चाप हलका करण्याची वेळ फार थोड्यांवर येईल.