एक्सेप्शन कुणीच झेलले नाही, तर?

शून्याने भागाकार, जागेवर नसलेली फाइल, न मावणारा आकडा. प्रोग्रॅम चालताना असे काही घडले की एक्सेप्शन उठते. ते त्याच फंक्शनमध्ये झेलले गेले नाही, तर ते फंक्शन ज्याने बोलावले त्याच्याकडे जाते, मग त्याच्याही वर. तलाठ्याकडे न मिटलेले गाऱ्हाणे तहसीलदाराकडे आणि तिथून कलेक्टर कचेरीत जावे तसे. पण तिथेही दखल घेतली गेली नाही, तर?

उत्तर भाषेगणिक बदलते. पायथॉन चुकीचा सगळा माग छापून प्रोग्रॅम थांबवते. सी प्लस प्लस प्रोग्रॅम तिथल्या तिथे गुंडाळते. जावात तेवढा थ्रेड, म्हणजे समांतर चालणाऱ्या कामांतला एक धागा, मरतो, बाकीचे चालू राहतात. एडामध्ये तर टास्क, म्हणजे तिथला असाच धागा, चकार शब्द न काढता संपतो, आणि हे सगळ्यांत घातक! काम केव्हाच बंद पडलेले असते, वरून मात्र सारे आलबेल दिसते.

एडाचे नाव निघाले की तिच्यात लिहिलेल्या प्रोग्रॅममुळे घात झालेले आरियान ५ आठवतेच. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरूहून हे रॉकेट प्रथमच झेपावले. मुख्य इंजिन पेटून सुमारे ३७ सेकंद झाले असताना दिशादर्शक यंत्रणेतला ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत बसवताना ३२,७६७ ची मर्यादा ओलांडली गेली. एक्सेप्शन उठले, यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणेतही तोच प्रोग्रॅम होता. ती क्षणभर आधीच गेली होती. बंद पडताना चालू यंत्रणेने पाठवलेला बिघाडाचा तपशील मुख्य संगणकाने उड्डाणाची माहिती समजून वाचला, नॉझल पूर्ण वळवली आणि चार क्लस्टर उपग्रहांसह रॉकेटचे तुकडे झाले.

‘आकडा मावला नाही’ एवढ्यावर ही हकिकत संपवणे अन्यायाचे आहे. गणितज्ञ जाक-लुई लियॉन्स यांच्या चौकशी समितीचा अहवाल त्याहून खोल जातो. धोक्याच्या सात आकड्यांपैकी चारांना संरक्षण होते. प्रोसेसरवरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा म्हणून तीन मोकळे सोडले होते. हा प्रोग्रॅम आधीच्या आरियान ४ रॉकेटवरून घेतलेला; त्याच्या मार्गावर ते कधी एवढे वाढलेच नसते. शिवाय ज्या गणितात घात झाला, त्याचा उड्डाणानंतर काही उपयोगच नव्हता! खरी मेख पुढे आहे. एक्सेप्शन म्हणजे हार्डवेअरचा बिघाड, असे धरून प्रोसेसरच बंद करायचा, असे आधीच ठरले होते. समितीने नेमके त्या निर्णयावर बोट ठेवले आणि सुचवले, की उड्डाण होताच हे गणित थांबवा आणि कोणत्याही सेन्सरला, जमेल तशी का होईना, माहिती पाठवणे थांबवू देऊ नका.