जुन्या काटक गुलाबांचा संग्रह

फ्रान्समधील ल्योँ शहराचे गुलाब-उत्पादक गियो यांनी १८६७ साली ‘ला फ्रान्स’ हा वाण आणला. लांब देठाच्या, टोकदार कळीच्या ‘हायब्रिड टी’ वर्गातला तो पहिला गुलाब मानला जातो. त्या वर्षाच्या आधीपासून असलेल्या वर्गांना जुने गुलाब म्हणण्याची प्रथा आहे. वाण नंतरचा असला, तरी वर्ग जुना असेल तर तो जुन्यांतच मोजतात.

या वर्गांची दोन मोठी घराणी आहेत. गॅलिका, दमास्क, आल्बा आणि सेंटिफोलिया ही युरोपात जोपासलेली. त्यांचा सुगंध दाट, पण बहर बहुतेक वर्षातून एकदाच. दुसरे घराणे चिनी. अठराव्या शतकाच्या अखेरीस ‘ओल्ड ब्लश’सारखे वाण चीनमधून युरोपात पोहोचले आणि पुन्हा पुन्हा फुलण्याचा गुण त्यांच्याबरोबर आला. दोन्ही घराण्यांच्या संकरातून हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर बूर्बों वर्ग, तर चिनी आणि मस्क गुलाबांच्या संकरातून अमेरिकेतील चार्ल्सटन येथे नुआझेत वर्ग जन्मला.

काटकपणा मात्र हवामानावर ठरतो. कॅनडात उणे ३० अंशांच्या थंडीतून वाचणारा गुलाब काटक. त्यासाठी तिथल्या सरकारी कृषी संशोधकांनी रुगोसासारख्या रानटी जातींच्या आधारे ‘एक्सप्लोरर’ मालिकेतील वाण तयार केले. महाराष्ट्रात कसोटी उन्हाळ्याची आणि पावसाळ्याची असते. आल्बा किंवा गॅलिकाला हिवाळ्याची खरी विश्रांती लागते. ती न मिळाल्यास झाड पानांनी भरते, फुले मात्र बेताचीच येतात. दमास्क गुलाबाची अत्तरासाठी शेती होते तीही पुष्कर, हसायन अशा उत्तरेकडच्या, थंडी पडणाऱ्या भागांत. उष्ण प्रदेशातील संग्रहाचा पाया म्हणून चिनी, त्यांच्याच घराण्यातील टी, नुआझेत आणि बूर्बों हे वर्गच योग्य ठरतात. ‘ओल्ड ब्लश’, रंग बदलणारा ‘म्युटाबिलिस’ आणि भारतात रुळलेला लाल, सुगंधी ‘ग्रुस आन टेप्लिट्झ’ (१८९७) यांनी सुरुवात करता येते. दमट भागात फार भरगच्च फुले टाळावीत. ‘सुव्हनीर द ला मालमेझों’ (१८४३ चा बूर्बों) याच्या कळ्या ओल्या हवेत उमलण्याआधीच चिकटून कुजतात.

रोप घेताना ते कशावर वाढवले आहे हे पाहावे. रोपवाटिकेतील बहुतेक गुलाब रानटी खुंटावर डोळा भरून केलेले असतात. वरचा वाण मेला आणि खुंट फुटला, तर झाड जिवंत दिसते, पण फुले दुसरीच येतात. अमेरिकेतील कित्येक जुन्या अंगणांत गडद लाल ‘डॉक्टर ह्यूई’ फुललेला दिसतो. तो तिथे लावलेल्या गुलाबांचा खुंट होता. म्हणून संग्रहासाठी स्वतःच्या मुळांवरचे रोप उत्तम. चिनी व नुआझेत गुलाबांचे छाट कलम सहसा सहज होते: पेन्सिलीएवढी जाड, तीन-चार डोळ्यांची पक्व काडी निचऱ्याच्या मातीत लावावी आणि मुळे धरेपर्यंत सावलीत ठेवावी. कलमी रोपावर जोडाच्या खालून आलेली फूट मुळाशीच काढून टाकावी.

छाटणीचा नियम बहरावरून ठरतो. वर्षातून एकदाच फुलणारे गुलाब जुन्या फांद्यांवर फुलतात, म्हणून त्यांची छाटणी बहर संपल्यावर करावी. आधी केल्यास त्या वर्षीची फुले जातात. सतत फुलणारे नव्या फुटीवर फुलतात आणि महाराष्ट्रात त्यांची छाटणी पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास होते. हायब्रिड टीसारखी खोल छाटणी चिनी व टी गुलाबांना मानवत नाही. वाळलेल्या आणि एकमेकींत गुंतलेल्या फांद्या काढल्या की पुरे.

नुसती झाडे जमवली म्हणजे संग्रह होत नाही. त्याला नोंदवही लागते. प्रत्येक झाडाचे नाव, वर्ग, ते कोठून आणि कधी आणले, हे लिहून ठेवावे. एखाद्या जुन्या वाड्यात किंवा स्मशानभूमीत सापडलेल्या गुलाबाला ओळख पटण्याआधी प्रसिद्ध नाव चिकटवू नये. टेक्ससमधील संग्राहक अशा गुलाबांना जागेवरून वा माणसावरून तात्पुरते नाव देतात. जर्मनीतील झांगरहाउझेन येथे १९०३ पासून उभ्या राहिलेल्या गुलाबवनात ८,००० हून अधिक जाती-वाण आहेत. घरच्या बागेत दहा-बारा पुरेत, पण त्यांतल्या प्रत्येक दुर्मीळ वाणाचे एक तरी कलम दुसऱ्या कोणाच्या बागेत लावून ठेवावे. एकाच ठिकाणी उरलेला वाण एका वाईट उन्हाळ्यात कायमचा जाऊ शकतो.