टोरंटोचं 6213: डाक आणि माल, दोन्हींचं इंजिन

सीएन टॉवर बघायला टोरंटोत आलेले बरेच पाहुणे रस्त्यापलीकडचा राउंडहाउस पार्क न बघताच परततात, याची हळहळ वाटते. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने 1929 ते 1931 या काळात बांधलेली, 32 इंजिनं मावतील अशी अर्धवर्तुळाकार शेड इथे आहे. पुढ्यात इंजिनं फिरवण्याचं 120 फुटी टर्नटेबल. आवारात नजरेत भरतं ते मात्र प्रतिस्पर्धी कंपनीचं, कॅनेडियन नॅशनलचं वाफेचं इंजिन. क्रमांक 6213, वर्ग यू-2-जी. कॅनेडियन नॅशनलची स्वतःची शेड जवळच होती. 1980च्या दशकात स्टेडियमसाठी ती पाडली गेली.

या इंजिनाच्या चाकांपाशी जरा थांबावं. पुढे चार लहान, मधे आठ मोठी, मागे पुन्हा चार लहान. मोठ्या चाकांचा व्यास 73 इंच, म्हणजे सहा फुटांहून अधिक. जलद गाडीला मोठं चाक हवं, कारण एका फेऱ्यात ते जास्त अंतर कापतं. जड मालगाडी जागची हलवायला लहान चाक बरं. 73 इंच हा दोहोंमधला सुवर्णमध्य. त्यामुळे एकच इंजिन आज डाकगाडीला, उद्या गव्हाच्या वाघिणींना जुंपता येई. टेंडरसकट (कोळसा-पाण्याच्या जोडडब्यासकट) सुमारे 300 टनांचं हे धूड असलं, तरी भार अनेक चाकांवर वाटलेला असल्याने हलक्या रुळांवरही त्याला धाडता येई. अभियंत्यांच्या या हिशेबाला मी मनापासून दाद देतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात असं दुहेरी कामाचं इंजिन रेल्वेला हवंच होतं. सैनिक आणि सामान, दोन्ही बंदरांकडे न्यायचे होते. या वर्गाची 35 इंजिनं 1942-43 मध्ये माँट्रियल लोकोमोटिव्ह वर्क्सने घडवली. ही कंपनी त्याच काळात रणगाडेही बनवत होती.

6213 ला जेमतेम 17 वर्षांची नोकरी मिळाली. डिझेल आलं, आणि 1960 मध्ये हे इंजिन टोरंटो शहराला भेट मिळालं. पुढची जवळपास 50 वर्षं सरोवराकाठच्या प्रदर्शन मैदानावर काढून ते या आवारात आलं.

नायगारा बघायला जाणार असाल, तर तिथून फोर्ट एरी जवळच आहे. याच वर्गातलं 6218 तिथे ठेवलं आहे. नियमित सेवेतून वाफ गेल्यावरही हौशी प्रवाशांच्या खास गाड्या त्याने 1971 पर्यंत ओढल्या.