शिवडीच्या चिखलाची मोजदाद

इथे घड्याळाच्या आधी भरती-ओहोटीची वेळ बघावी लागते. मुंबईतल्या शिवडी जेट्टीवर पाणी उतरू लागलं, चिखल उघडा पडला, तसे फ्लेमिंगो घोळक्याने चरायला पांगले. मोजणीत मुरलेल्या एका ताईंनी टेलिस्कोप लावला. एवढ्या थव्यात एकेक पक्षी मोजणं शक्य नसतं. आधी पन्नास नीट मोजायचे, तेवढ्या घोळक्याचं आकारमान डोळ्यांत बसवायचं आणि त्याच मापाने पुढचा थवा मोजत जायचा. दुसरा माणूस वेगळा मोजतो. आकड्यांत फार फरक पडला की पुन्हा मोजणी. शेजारी वेळ, पाणी, वारा, जवळ चाललेलं काम, सगळं लिहायचं. चोच उलटी करून पाण्यातलं शेवाळ गाळून खाणारा हा पक्षी. चिखल बिघडला की त्याचं अन्नच संपतं, म्हणून बांधकामाआधीच्या नोंदी सर्वांत मोलाच्या.

समोर अटल सेतू. १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालेल्या या २१.८ किलोमीटरच्या पुलासाठी पक्ष्यांचा अभ्यास झाला, आवाज अडवणारे पडदेही लागले. पण ते एका पुलापुरतं. शिवडी-वरळी जोडरस्त्याची फाइल वेगळी. पोर्ट ट्रस्टच्या सुमारे ९६६ हेक्टर क्षेत्राच्या आराखड्याचा मसुदा डिसेंबर २०१८ मध्ये आला, तो आणखी वेगळा. त्यात चाळींचा प्रश्न. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू झाला. शिवडीच्या चाळी पोर्टाच्या जागेवर असल्यामुळे मागे राहिल्या. तिथल्या कुटुंबांना पक्कं, मोठं घर मिळालंच पाहिजे, आणि लवकर. त्यांना फ्लेमिंगोंच्या विरोधात उभं करणं अन्यायाचं आहे.

खरी उणीव कायद्यात आहे. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे २०,००० चौरस मीटर आणि त्यापुढच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, पण इमारती आणि वसाहतींच्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. म्हणजे वर्षानुवर्षं खोदकाम, धूळ, डंपर आणि सांडपाणी ज्यांच्या दारात येणार, त्यांना या मंजुरीत तोंड उघडायला जागाच नाही. शिवाय प्रत्येक प्रकल्प स्वतःपुरता तपासला जातो. सगळ्यांचं मिळून नाल्यातून खाडीत काय जाणार, याची बेरीज त्या तपासणीत होत नाही.

अख्ख्या शिवडीचा एकत्रित अभ्यास व्हावा आणि त्याची सुनावणी शिवडीतच, मराठीत व्हावी. तोवर विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या जातील तेव्हा गप्प बसू नका. साध्या कागदावर, आपल्या भाषेत, मुदतीत लिहा आणि पोच घ्या.