आरएक्स 100 चं हेड घासताय? आधी सोल्डरची तार आणा

मंडळी, यामाहा आरएक्स 100 म्हणजे 98 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, बोअर 50 मिमी आणि स्ट्रोकही 50 मिमी. याच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह नाहीत, पोर्ट नाहीत. पोर्टिंग होतं ते ब्लॉकमध्ये. त्यामुळे ‘हेडचं पोर्टिंग करून देतो’ म्हणणारा भेटला तर गाडी स्टार्ट करा आणि घरी या!

हेडमध्ये खरा खेळ ज्वलनकक्षाच्या आकाराचा. लेथवर गॅस्केट बसते तेवढीच कड अर्धा मिमी घासली, तर हेड तेवढं खाली बसतं आणि साधारण 1 सीसी जागा कमी होते. समजा कक्ष 12 सीसीचा होता, कॉम्प्रेशन 9.2 वरून थेट 9.9 वर जातं. पिकअप लगेच जाणवतो.

पण पिस्टन आणि हेडच्या कडेमधली फट, म्हणजे स्क्विश, मोजल्याशिवाय घासू नका. प्लगच्या भोकातून मऊ सोल्डरची तार सिलिंडरच्या भिंतीला टेकेपर्यंत सरकवा, किक हाताने हळू फिरवा, चपटलेलं टोक व्हर्नियरने मोजा. 1 मिमीच्या आसपास ठीक. त्याहून बरंच कमी असेल तर जास्त आरपीएमला पिस्टन हेडला टेकू शकतो.

चढावर टिकटिक आवाज आला तर ते डेटोनेशन. प्लग काढून भिंगाने बघा: पांढऱ्या पोर्सिलेनवर ॲल्युमिनियमचे चकचकीत ठिपके दिसले, तर पिस्टन वितळायला लागलाय. टायमिंग थोडं मागे घ्या, जेट वाढवा, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरा. तरी आवाज राहिला तर जाड गॅस्केट.