छावणीतली चॅपेल्स : आयरिश पूर्वजांचा माग, मुंबईपासून रायपूरपर्यंत

घराण्याचा शोध घ्यायचा तर कुठे जायचे, हे मराठी माणसाला ठाऊक असते. कुलवृत्तांत चाळायचा, कुलदैवताचे गाव गाठायचे, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पणजोबांची सही शोधायची. या सगळ्यामागे एक गृहीत असते : घराणे कुठल्या तरी गावचे असते. पण नागपूर, कामठी, रायपूर, बिलासपूर या पट्ट्यातल्या ज्या अँग्लो-इंडियन कुटुंबांत मर्फी, केली, डॉयल अशी आडनावे आली, त्यांचा पणजोबा गावचा नव्हता, पलटणीचा होता. तो रविवारी कुठल्या चॅपेलमध्ये गुडघे टेकत असे, हे शोधायला निघालेल्या माणसाला आधी नकाशा बाजूला ठेवावा लागतो.

रायपूरच्या वेशीवरच्या उरल्याचेच उदाहरण घ्या. स्पंज आयर्नचे कारखाने आणि रोलिंग मिलांची ही वसाहत. इथे आयरिशांचे जुने चॅपेल शोधण्यात अर्थ नाही. रायपुरातही १८५७ साली जी फौज होती ती देशी शिपायांची. त्याच वर्षी १० डिसेंबरला इंग्रजांविरुद्ध उठलेल्या वीर नारायण सिंहांना फाशी दिली गेली आणि पुढच्याच महिन्यात याच फौजेतल्या हनुमान सिंहांनी उठाव केला. गोऱ्या पलटणीची कायमची छावणी इथे नव्हती. म्हणून इथल्या कुटुंबातला आयरिश धागा उलट्या दिशेने, पश्चिमेकडे कामठीला आणि तिथून थेट मद्रासला न्यावा लागतो.

भुकेने भरलेल्या पलटणी

१८३० च्या सुमारास ब्रिटिश लष्करात शंभरातले सुमारे ४२ शिपाई आयरिश होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या पलटणींतही त्यांचा वाटा असाच मोठा होता. शेती तुकड्यांची, जमीन दुसऱ्याची, अन्न बटाट्याचे; त्यात १८४५ पासून बटाट्यावर करपा पडला आणि दुष्काळाने देश रिकामा केला. भरतीचा अधिकारी हाती पैसे ठेवी आणि पोटाची हमी देई. कॅथलिकांवरची बंधने १७९३ पासून सैल होत गेली, तरी पूर्ण राजकीय हक्क मिळायला १८२९ उजाडले. म्हणजे ज्या राजाचा बिल्ला छातीवर, त्याच्या राज्यात आपल्या धर्माला दुय्यम जागा, अशा अवस्थेत हे लोक मुंबईच्या आणि मद्रासच्या बंदरांत उतरले.

पलटणींची नावे इथे फसवी ठरतात. ‘बॉम्बे फ्युजिलिअर्स’ आणि ‘मद्रास फ्युजिलिअर्स’ या कंपनीच्या जुन्या पलटणी १८८१ च्या फेररचनेत एकत्र येऊन ‘रॉयल डब्लिन फ्युजिलिअर्स’ झाल्या. बॉम्बे इन्फन्ट्रीची १०९ वी पलटण लीन्स्टर रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली. मुंबईच्या नावाने भरती झालेल्या माणसाचे कागद आयरिश पलटणीच्या नावाखाली सापडतात, ते यामुळे. दक्षिण आयर्लंडमधून भरती होणाऱ्या पाच जुन्या पायदळ पलटणी ३१ जुलै १९२२ रोजी मोडल्या. नवे आयरिश राज्य जन्माला येत असताना भारतातल्या आयरिश शिपायांच्या इतिहासाचा हा एक धागा तुटला.

सगळेच आयरिश कंपनीच्या यादीत नव्हते. टिपररीतला जॉर्ज थॉमस जहाजावरून पळून मद्रासला उतरला, सरधन्याच्या बेगम समरूकडे राहिला आणि पुढे अप्पा खंडेराव या मराठा सरदाराच्या चाकरीत शिरला. हरियाणात हांसीला त्याने स्वतःचे राज्यही थाटले. शिंद्यांच्या फ्रेंच सेनानींनी १८०१ मध्ये त्याचा पाडाव केला आणि पुढच्या वर्षी तो वारला. अशा माणसाचा माग कंपनीच्या हजेरीपटात लागत नाही. तो मराठी, फारसी आणि इंग्रजी पत्रव्यवहारात शोधावा लागतो.

मुंबई आणि पुणे : एकाच गल्लीत दोन सत्ता

मुंबईत अडचण वेगळी आहे. तिथे कॅथलिक चर्च भरपूर, पण ती एका छत्राखाली नव्हती. १७२० मध्ये इंग्रजांनी पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना बेटाबाहेर काढून कार्मेलाइटांना आणले. गोव्याच्या आर्चबिशपने हक्क सोडला नाही. १७९४ पासून दुहेरी अधिकार रूढ झाला : काही चर्च पोर्तुगालच्या राजाने पोसलेल्या पाद्रोआदोची, काही थेट रोमच्या प्रोपागांदाची. हा घोळ मिटायला १९२८ चा करार व्हावा लागला. एकाच मोहल्ल्यातल्या दोन चर्चांच्या वह्या दोन वेगळ्या कपाटांत गेल्या त्या याच भांडणामुळे. कुलाब्याचे अफगाण चर्च १८५८ मध्ये अफगाण युद्धातील मृतांच्या स्मरणार्थ उभे राहिले. ते अँग्लिकनांसाठी बांधलेले. तिथल्या भिंतीवर आडनाव दिसले म्हणून पणजोबा तिथे प्रार्थनेला जात होता असे होत नाही.

पुण्यात चित्र अधिक स्पष्ट आहे. नाना पेठेतल्या सिटी चर्चची सुरुवात १७९२ ची. सवाई माधवरावांच्या काळात पेशव्यांच्या फौजेतल्या पोर्तुगीज आणि गोमंतकीय ख्रिस्ती लोकांसाठी ही जागा मिळाली. १८१७ ला खडकीची लढाई झाली, इंग्रजांची छावणी वसली, आणि कॅम्पात आयरिश शिपायांची गर्दी वाढली. त्यांच्यासाठी १८५० मध्ये आयर्लंडच्या संरक्षक संताचेच नाव लावून सेंट पॅट्रिक चर्च बांधले गेले. १८८६ मध्ये पुणे धर्मप्रांत झाला तेव्हा ते कथीड्रल बनले. शिपाई आयरिश, पण पुण्यातले पाद्री गोमंतकीय आणि पुढे जर्मन जेझुइट. नोंदी मात्र बहुधा लॅटिनमध्ये.

कामठी : नकाशात विदर्भ, दप्तरात मद्रास

सीताबर्डीच्या लढाईनंतर १८२१ मध्ये कन्हान नदीकाठी कामठीची छावणी उभी राहिली. भोसल्यांच्या राज्यात ठेवलेली ही तैनाती फौज मद्रासच्या सैन्यातून येई आणि एकोणिसाव्या शतकाचा बराच काळ कामठी मद्रासच्याच लष्करी अमलाखाली होती. म्हणून कामठीला जन्मलेल्या मुलाची नोंद मुंबई किंवा बंगालच्या दप्तरात शोधणारा रिकाम्या हाती परततो. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस दप्तरात धार्मिक नोंदींचे तीन मोठे संच आहेत : बंगाल, मद्रास, मुंबई. कामठीसाठी मद्रासचा संच उघडावा लागतो. तिथेही बहुतांश नोंदी अँग्लिकन धर्मगुरूंनी पाठवलेल्या आहेत. कॅथलिक वह्यांच्या नकला फारच तुटक पोहोचल्या. मूळ वही चर्चमध्येच राहिली.

ती वही कोणाच्या ताब्यात, याचे उत्तरही वळणे घेते. मद्रासला तेव्हा धर्मप्रमुखच आयरिश होते : डॅनियल ओ’कॉनर आणि पुढे जॉन फेनेली. १८४६ मध्ये सव्हॉयमधल्या आनेसीहून सेंट फ्रान्सिस द सेल्सचे मिशनरी विशाखापट्टणमला पोहोचले आणि मध्य भारताचा हा भाग त्यांच्या मिशनकडे गेला. १८८७ मध्ये नागपूर धर्मप्रांत वेगळा निघाला. म्हणजे एकाच छावणीच्या नोंदी लिहिणारा वरिष्ठ आधी मद्रासचा, मग विशाखापट्टणमचा, मग नागपूरचा. फ्रेंच बोलणाऱ्या पाद्र्याने ऐकून लिहिलेले आयरिश आडनाव कसे दिसत असेल, याची कल्पना ठेवूनच पाने उलटावीत. पॅट्रिक ‘पॅट्रिशियस’ होतो, जेम्स ‘याकोबुस’, विल्यम ‘गुलिएल्मुस’, ब्रिजेट ‘ब्रिगिडा’.

कामठीच्या चॅपेलमध्ये आयरिश एकटे नव्हते. मद्रासच्या पलटणीबरोबर तमिळ आणि तेलुगू शिपाई, बाजारवाले, नोकर आले आणि त्यांतले कित्येक पिढ्यान् पिढ्यांचे कॅथलिक होते. गोऱ्या शिपायाच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला तमिळ बाई धर्ममाता म्हणून उभी राहिली असली तर त्यात नवल मानू नये.

रुळांवरून रायपूर

छत्तीसगडला आयरिश आडनावे नेली ती बंदुकीने कमी, रेल्वेने जास्त. नागपूर-छत्तीसगड रेल्वे १८८२ मध्ये राजनांदगावपर्यंत आली. १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, १८८८ मध्ये रायपूर रुळांवर आले, १८९१ पर्यंत मार्ग बिलासपूरवरून आसनसोलला भिडला. आज उरल्याजवळून जाणारी हावडा-नागपूर लाइन तीच. ड्रायव्हर, गार्ड, फोरमन म्हणून जे अँग्लो-इंडियन आले त्यांत पलटणींतून निवृत्त झालेल्यांची मुले-नातवंडे होती. त्यांची चर्च रेल्वे वसाहतींभोवती वाढली. रायपूर स्वतंत्र अपोस्तोलिक प्रीफेक्चर (धर्मप्रांताआधीची पायरी) झाले १९६४ मध्ये, धर्मप्रांत १९८४ मध्ये, आर्चडायोसिस २००४ मध्ये. त्याआधीच्या काळासाठी नागपूरकडे विचारणा करावी, हा व्यवहार्य नियम.

समुद्रापलीकडचे टोक

इकडून पलटण कळली की आयर्लंडमधले गाव कळण्याची शक्यता निर्माण होते. ब्रिटिश लष्करातून पेन्शन घेऊन निवृत्त झालेल्या शिपायाच्या कागदांत जन्माचा पॅरिश, वय आणि भरतीपूर्वीचा धंदा लिहिलेला असतो. हे कागद लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

आयर्लंडमध्ये ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात डब्लिनचे फोर कोर्ट्समधले सरकारी दप्तर जळाले. १८२१ ते १८५१ च्या जनगणनेचे बहुतेक कागद आणि प्रोटेस्टंट चर्चच्या अनेक वह्या राख झाल्या. कॅथलिक वह्या वाचल्या, कारण सरकारने त्या कधी मागवल्याच नव्हत्या. त्या आपापल्या चॅपेलमध्येच पडून होत्या. उपेक्षेचा असा फायदा क्वचितच कोणाला झाला असेल. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने त्यांच्या मायक्रोफिल्म २०१५ मध्ये सर्वांसाठी विनामूल्य इंटरनेटवर खुल्या केल्या. बहुतेक नोंदी १८८० च्या आसपास थांबतात, आणि अनेक ग्रामीण पॅरिशमध्ये त्या सुरू होतात त्याच मुळी १८२० नंतर. १८१० मध्ये जन्मलेल्या शिपायाचा बाप्तिस्मा तिथे न मिळणे ही सामान्य गोष्ट आहे. अशा वेळी धाकट्या भावंडांच्या नोंदी पाहाव्यात, धर्ममाता-पित्यांची आडनावे जुळवावीत.

वहीतल्या बायका

हा सारा खटाटोप बहुधा बापाच्या आडनावासाठी होतो. पण वही दोघांची असते. शिपायांना बायकोसह राहण्याची परवानगी मोजक्यांनाच मिळे आणि अनेकांचे संसार इथल्याच बायकांशी झाले. लग्नाआधी तिचा बाप्तिस्मा होई, ‘मारिया’ किंवा ‘अ‍ॅना’ असे नाव पडे, आणि वडिलांच्या नावाची, जातीची, गावाची जागा पुष्कळदा रिकामीच राही. कॉर्कचा पॅरिश सापडल्यावर शोध पुरा झाला असे वाटणे साहजिक आहे. पण त्याच नोंदीत दुसरी बाजू आहे, आणि ती कदाचित कन्हानकाठची किंवा विजयनगरमची असेल. तिचा माग आयर्लंडच्या ग्रंथालयात लागणार नाही. तो लागला तर साक्षीदारांच्या नावांतून, धर्ममातांच्या नात्यांतून, कामठीच्याच वहीतून लागेल.

म्हणून या विषयातले खरे काम परदेशात नाही. आयर्लंडच्या वह्या एका ठिकाणी वाचता येतात. मध्य भारतातल्या छावणी आणि रेल्वे चर्चच्या वह्यांचे काय? नागपूर आणि रायपूर इथल्या धर्मप्रांतांनी आणि विद्यापीठांच्या इतिहास विभागांनी मिळून त्यांचे स्कॅनिंग करावे आणि पलटण, रेल्वेचे खाते व साक्षीदार यांच्या नावांनी सूची करावी. केवळ आडनावांची सूची केली तर पुन्हा बापच सापडतील. साक्षीदारांची केली, तर निम्म्या कुटुंबांना आजीही सापडेल.