बारफर्डचा कुंपणकरी

हॉथॉर्न या काटेरी झुडपाचे उभे खोड बुंध्याशी कोयत्याने तिरपे कापायचे, पण पुरते तोडायचे नाही. साल आणि तिच्याखालचे ओले लाकूड यांची पातळ पट्टी शाबूत राखायची आणि तिच्या आधारावर अख्खे खोड चढाच्या दिशेने आडवे निजवायचे. घाव उथळ पडला तर खोड वाकताना चिरते, फार खोल गेला तर मरते. नेमका बसला तर आडवे खोड जगते, वसंतात बुंध्याला नवे धुमारे फुटतात आणि बैलालाही रेटता येणार नाही असे जिवंत कुंपण तयार होते. मध्येमध्ये खुंट ठोकायचे, माथ्यावर हेझलच्या लवचीक काठ्यांची वेणी घालायची. सगळे काम पानगळीनंतर, थंडीत. इंग्लंडच्या मध्य भागात तेव्हा गुरे राखायची तर हे कसब हवेच होते. वॉरिकशायरमधल्या बारफर्ड गावचा जोसेफ आर्च त्यात इतका तरबेज होता की स्पर्धेत त्याने इंग्लंडचा अव्वल कुंपणकरी हा मान मिळवला.

याच माणसाने १८७२ मध्ये इंग्लंडच्या शेतमजुरांची संघटना उभारली आणि पुढे तो पार्लमेंटात गेला. त्याच्या राजकारणाचे बळ या कोयत्यात होते, असे माझे ठाम मत आहे.

त्याचा जन्म १८२६ चा, बाप मेंढपाळ. आयात धान्यावर जकात लावून ते महाग ठेवणारे कायदे तेव्हा लागू होते. त्यांच्या बाजूच्या अर्जावर बापाने सही नाकारली आणि त्याला अठरा आठवडे कोणी काम दिले नाही. आईने लोकांचे कपडे धुऊन घर चालवले. जोसेफ नवव्या वर्षी शेतावर पाखरे हाकायला लागला, बारा तासांचे चार पेन्स. त्याआधी एकदा त्याने चर्चच्या दाराच्या कुलपाच्या भोकातून आत पाहिले होते. प्रभुभोजनाचा विधी चालू होता. आधी जमीनदार गुडघे टेकून उठला, मग शेतमालक, मग दुकानदार, सुतार, लोहार आणि सगळ्यांच्या शेवटी मजूर. देवापुढेही हीच उतरंड पाहून पोराच्या मनाला डाग बसला तो कायमचा. मोठेपणी तो प्रिमिटिव्ह मेथॉडिस्ट पंथाचा प्रवचनकार झाला. गावोगावी उभे राहून बोलायची सवय तिथलीच.

लग्न होऊन दोन मुले झाल्यावर मजुरीत भागेना. तेव्हा त्याने रोजंदारी सोडली आणि कुंपणाची कंत्राटे घेत मिडलंड्समध्ये आणि वेल्समध्ये फिरू लागला. हाताखाली माणसे आली. राहती झोपडी त्याच्या स्वतःच्या घराण्याच्या मालकीची होती. ही गोष्ट फार मोलाची. इतर मजूर मालकाने दिलेल्या घरात राहत. तोंड उघडले तर नोकरी आणि छप्पर एकाच दिवशी जाई. आर्चला कोणी गावातून उठवू शकत नव्हते.

म्हणूनच ७ फेब्रुवारी १८७२ रोजी जवळच्या वेल्सबोर्न गावचे मजूर त्याच्या दारी आले. संध्याकाळी सभेत बोल, एवढेच त्यांचे मागणे. तीस-चाळीस माणसे जमतील असे त्याला वाटले होते. चेस्टनटच्या झाडाखाली पोहोचला तर अंधारात दोन हजारांच्या आसपास माणसे उभी, असा त्याचा अंदाज. शेंगवेलांच्या काठ्यांना कंदील टांगलेले. डुक्कर कापायच्या चौरंगावर उभा राहून तो बोलला. आठवड्याला बारा शिलिंगांच्या आसपास मजुरी मिळत होती, मागणी सोळाची ठरली. मे महिन्यात लेमिंग्टनला राष्ट्रीय शेतमजूर संघटना स्थापन झाली, आर्च अध्यक्ष. दोन वर्षांत सभासद ८६ हजारांवर गेले.

मालक गप्प बसले नाहीत. १८७३ मध्ये ॲस्कॉट-अंडर-विचवुड गावच्या सोळा बायकांना, बाहेरून आणलेल्या मजुरांना अडवल्याबद्दल, तुरुंगात धाडले गेले. काहींच्या कडेवर तान्ही मुले होती आणि शिक्षा देणारे दंडाधिकारी धर्मोपदेशक होते. १८७४ मध्ये पूर्वेकडच्या परगण्यांत मालकांनी संघटनेच्या मजुरांना कामच बंद केले. कित्येक महिने मदत वाटून तिजोरी रिकामी झाली आणि संघटनेला माघार घ्यावी लागली. पुढे अमेरिकेतले स्वस्त धान्य आले, शेतीच बसली, सभासद गळत गेले. आर्चने त्याआधीच कॅनडाला जाऊन मजुरांच्या स्थलांतराची चाचपणी केली होती. पण त्याचा खरा भर मताच्या हक्कावर होता.

१८८४ च्या कायद्याने तो हक्क बहुतेक शेतमजूर पुरुषांना मिळाला. पुढच्याच वर्षी आर्च लिबरल पक्षातर्फे वायव्य नॉरफोकमधून निवडून आला. युवराजाचा सँड्रिंगहॅम वाडा त्याच्याच मतदारसंघात होता. १८८६ मध्ये तो थोडक्यात हरला, १८९२ मध्ये परतला आणि १९०० पर्यंत राहिला. सभागृहात तो फारसा चमकला नाही, हे मान्य करायला हवे. मोकळ्या रानात हजारोंना धरून ठेवणारा आवाज तिथे क्वचितच उठला. तरी ज्यांना कालपर्यंत मतही नव्हते, त्यांच्यातला माणूस त्या बाकावर बसला, हे मी मोठेच मानतो.

संघटना १८९६ मध्ये संपली. आर्च त्याच झोपडीत परतला आणि १९१९ मध्ये, ब्याण्णवाव्या वर्षी, बारफर्डलाच वारला. त्याच्या संघटनेत घडलेल्या जॉर्ज एडवर्ड्सने १९०६ मध्ये नॉरफोकला शेतमजुरांची संघटना पुन्हा बांधली, आणि १९२० मध्ये तोही पार्लमेंटात निवडून गेला.